परसातल्या कोंबड्यांची हद्द

पुसणारी : भाऊ, तुमची वही मी काल दोनदा वाचली, आणि ती ज्या निगुतीने लिहिली आहे तिच्याविषयी मनात आदर ठेवूनच विचारते, की हा जमाखर्च नक्की कशाचा? जमेच्या बाजूला कोंबड्यांची माघातली ९६ अंडी आणि फाल्गुनातली ७१. शिवाय दोन जुड्या लाल माठ, अडीच किलो वांगी, सहा दुधी. खर्चाच्या बाजूला मक्याचा भरडा, कण्या, शिंपल्यांचा चुरा, खुराड्याची जाळी, लशीची कुपी, विहिरीवरच्या पंपाचे बिल. आणि जी रक्कम तुम्ही मांडलीच नाही ती म्हणजे पहाटे साडेपाचपासून दिवेलागणीपर्यंत तुम्हा दोघांचे जाणारे तास. त्या तासांना इथल्या मजुरीचा निम्मा दर लावला तरी एकेक अंडे असे महाग पडते, की पनवेलच्या बाजारातून रिक्षाने जाऊन आणले तरी स्वस्त ठरावे. ज्याला पेन्शन आहे त्याने हौस अवश्य करावी, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण वहीच्या पहिल्या पानावर तुम्ही मोठ्या अक्षरांत ‘स्वावलंबन’ असे लिहिले आहे, तिथे मी अडखळले. माझा जन्म याच नेरे गावातला. आमच्या परसात माझ्या आईने हयातभर कोंबड्या पाळल्या, आणि हा शब्द तिच्या तोंडी मी एकदाही ऐकला नाही.

पाळणारा : ताई, तो शब्द मी मागे घेतो. ज्या दिवशी मक्याचे पहिले पोते पैसे मोजून आणले त्या दिवशीच तो खोडायला हवा होता. मात्र खाते चुकीच्या सदरात उघडले गेले एवढ्यावरून मामलाच खोटा ठरत नाही. माझे परस जेमतेम दोन गुंठ्यांचे. त्यात केळीची दोन बेटे, एक शेवगा, एक पपई, वांगी-मिरचीचे चार वाफे, मांडवावर दुधी आणि घोसाळी, न्हाणीच्या पाण्यावर अळू. या दोन गुंठ्यांत नोकरीच्या छत्तीस वर्षांत मी कधीही न पाहिलेली एक गोष्ट रोज माझ्या डोळ्यांदेखत घडते : कोणतीही वस्तू टाकाऊ होऊन नाहीशी होत नाही, ती कोणाच्या तरी दारात जाऊन उभी राहते. भाजीचे देठ आणि उरलेली शिते कोंबड्यांपुढे जातात, कोंबड्यांची विष्ठा पातेऱ्यात आणि पेंढ्यात मिसळून खड्ड्यात जाते, आणि खड्ड्यातले खत तीन महिन्यांनी वांग्याच्या आळ्यात जाते. हे ऐकायला सोपे आहे आणि करायला अवघड, याची साक्ष गेल्या वर्षीच्या मिरच्या देतील. खताची वाट पाहण्याचा धीर मला निघाला नाही, म्हणून खुराड्यातली ताजी विष्ठा मी तशीच वाफ्यात ओतली. चौथ्या दिवशी पानांच्या कडा तांबूस झाल्या, आठव्या दिवशी बावीसच्या बावीस रोपांनी माना टाकल्या. कोंबडीला वेगळे मूत्र नसते. विष्ठेवर जो पांढरा थर दिसतो तोच तिचा मूत्रांश, आणि त्यातला नत्र इतका तीव्र की शेणाच्या सवयीने त्याला हात लावणारा माणूस मुळे जाळून बसतो. आता मी खड्ड्यात हात घालून पाहतो. पहिले दोन आठवडे चटका बसतो. मग ऊब उतरते, डोळ्यांत जाणारा उग्र वास सरतो, आणि ज्या दिवशी मुठीत घेतलेला गोळा दाबला की धरतो आणि बोट लावले की सुटतो, त्या दिवशी खत झाले असे समजतो. माझी जमेची बाजू ही आहे. तिला रुपयांत कसे मांडावे हे मला अजून उमगलेले नाही.

पुसणारी : तुम्ही ज्याला चक्र म्हणता ते माझ्या आईच्या परसात पुरे होते, आणि तुमच्या परसात त्याचा निम्मा आरा बाहेरून आणून ठोकलेला आहे, हे मला सांगायचे आहे. आमच्याकडे कोंबड्यांसाठी दाणा विकत आणल्याचे मला आठवत नाही. खळ्यावर सांडलेले भात, कांडपातल्या कण्या, वाल झोडपताना उडालेले फुटके दाणे, गोठ्याच्या कडेचे किडे, आणि पिले लहान असली की रानातून फोडून आणलेले वाळवीचे वारूळ, एवढ्यावर पंधरा-वीस पाखरे जगत. फाल्गुन-चैत्रात राब भाजायला शेतात पातेरा, शेण, गवत अंथरले की कोंबड्या तो पसारा दिवसभर उकरत आणि आम्ही पोरे त्यांना हाकलत असू. म्हणजे कोंबडी ही भातशेतीच्या पदराला बांधलेली होती. आणखी एक गोष्ट तुमच्या वहीत येणार नाही. सातबाऱ्यावर नाव आधी आजोबांचे, मग वडिलांचे. बैल, बियाणे, भाताची विक्री हा सारा कारभार पुरुषांच्या हातचा. अंड्यांचे आणि तलंगांचे पैसे मात्र आईच्या पदराच्या गाठीत असत, आणि ते तिला कोणी विचारीत नसे. आमच्या पाट्या-पेन्सिली, बांगड्या, कोणी आजारी पडले तर पनवेलपर्यंतचे भाडे, हे त्या गाठीतून सुटे. तिच्यापाशी तेवढी एकच मत्ता होती. छंद करायला तिला सवड कधी मिळालीच नाही. आता तुम्हीच पाहा : २०१३ साली शहरे वसवणाऱ्या सिडकोच्या हाती विमानतळाभोवतालचे ‘नैना’ क्षेत्र आले, त्याच्या पाठोपाठ शेताला प्लॉट म्हणण्याची रीत पडली, २०२५ साली नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटनही झाले. जिथे राब भाजत तिथे इमारतींचे खांब उभे आहेत. खळे गेले, गोठा गेला, कांडप गेले. तुमच्या कोंबड्यांचा मका दुसऱ्याच कुठल्या जिल्ह्यात पिकतो, त्यांच्या खाद्यातली सोयापेंड मराठवाड्यातून नाही तर माळव्यातून येते. ज्या शेतीची कोंबडी ही शेवटची ओळ होती, ती शेती खोडून टाकून शेवटची ओळ तेवढी तुम्ही सुंदर अक्षरात गिरवता आहात, असे मला वाटते आणि त्याचे दुःख होते.

पाळणारा : या बोलण्यातला एकही शब्द मला नाकारता येत नाही. तरी दोन गोष्टी सांगतो. पहिली लहान आहे. दुधीच्या आणि घोसाळ्याच्या वेलांवर फळमाशी येते. ती कोवळ्या फळात अंडी घालते, फळ वाकडे होऊन पिवळे पडते, गळते, आणि आतली अळी मातीत उतरून कोश करते. पहिल्या वर्षी दहांतली सहा फळे अशीच गेली. दुसऱ्या वर्षी मांडवाची उंची वाढवून त्याखाली कोंबड्यांना सकाळी दोन तास मोकळे सोडले. गळलेले फळ त्या टोचून रिकामे करतात, आणि मातीत बोटभर खोल गेलेला कोशही उकरून काढतात. माशी नाहीशी झाली नाही, पण घरातल्यांना पुरून चार शेजारघरी देण्याइतके दुधी आले. खळे गेले तरी उकरण्याजोगी माती उरली आहे, एवढेच यावरून मला म्हणायचे आहे. दुसरी गोष्ट आपल्याच गावची. १९५१ साली स्थापन झालेल्या कुष्ठरोग निवारण समितीचे शांतिवन इथे नेऱ्यात आहे. रोग बरा झालेल्या माणसालाही घरचे लोक उंबऱ्याआत घेत नसत अशा काळी त्या संस्थेने माणसांना राहायला जागा, औषध आणि हाताला काम दिले. श्रमाचे मोल केवळ उत्पन्नावर ठरत नाही, हे मी पुस्तकात वाचले असते तर विसरलो असतो; त्या रस्त्याने रोज जाणाऱ्याला ते विसरता येत नाही.

पुसणारी : शांतिवनाचे नाव इथे घेऊ नका. ज्यांच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता त्यांचे श्रम, आणि ज्याला दुपारी पंख्याखाली झोपण्याची मुभा आहे त्याचे श्रम, यांना एका तागडीत घालणे बरे नव्हे. माझ्या आईच्या श्रमांनाही त्या तागडीत घालू नका. उलट मला हे सांगा, की तुम्ही पत्रांतून ज्या वसंताची वर्णने लिहून पाठवता तो वसंत तुमच्या कोंबड्यांना कसा जातो? मला आठवतो तो चैत्र फार कठीण होता.

पाळणारा : ताई, तुलना मी सोडतो. आणि वसंताविषयी तुम्ही विचारलेत हे चांगले झाले, कारण या एका बाबतीत माझ्या वहीपेक्षा माझे डोळे अधिक शिकले आहेत. वसंत म्हटला की आम्रमोहर, कोकिळ आणि मंद वारा हे आपल्या काव्याने ठरवून दिलेले. तो मोहर आणि तो कोकिळ इथे आहेतही, माथेरानच्या उतारावर पळस आणि पांगारा पेटलेले असतात, काटेसावरीची फुले वाटेवर पडतात. पण त्याच दिवसांत पूर्वेचा कोरडा वारा जोर धरतो, समुद्राकडून येणारी झुळूक दुपार उलटली तरी खोऱ्यात शिरत नाही, गाढी नदीचे पात्र डबक्यांपुरते उरते, आणि अकरा वाजता पत्र्यावर हात ठेववत नाही. या एका ऋतूत कोंबडीला दोन परस्परविरुद्ध हुकूम येतात. पहिला प्रकाशाचा. आपल्याकडे पौषात दिवस सुमारे अकरा तासांचा असतो, जून महिन्यात तो सव्वातेरा तासांपर्यंत वाढतो. हा वाढता उजेड डोळ्यांवाटे आणि कवटीच्या पातळ हाडातूनही मेंदूला पोचतो आणि अंड्यांची खाण उघडतो. मोठ्या कुक्कुटशाळांत रात्री दिवे लावून दिवस सोळा तासांचा करतात तो याचसाठी. माघात माझ्या वहीत जी ९६ अंडी आहेत ती या हुकुमाची तामिली.

दुसरा हुकूम उष्म्याचा, आणि तो पहिल्याला रद्द करतो. कोंबडीला घाम येत नाही. तिच्या अंगाची ऊब मुळातच ४१ अंशांच्या घरात. हवा पस्तिशीच्या पुढे गेली की ती उष्णता टाकायला तिच्यापाशी धापेखेरीज साधन उरत नाही. चोच उघडी, पंख अंगापासून सुटे, गळ्याखालची कातडी थरथरत असते. या धापेतून रक्तातला कर्बवायू भराभर निघून जातो, रक्ताचा तोल बिघडतो, आणि कवच ज्या चुनखडीचे बनते ती पुरेशी तयार होत नाही. फाल्गुनाच्या अखेरीस मी एक अंडे उचलले तर माझा अंगठा कवचातून आत गेला. शिंपल्यांचा चुरा भरपूर होता. तो चुरा अंगी लावून घेण्याइतका गारवा तिला मिळत नव्हता. रंगपंचमीच्या दुपारी माझी सर्वांत जुनी कोंबडी गेली. खुराड्यावर पत्रा मीच घातला होता, स्वस्त आणि टिकाऊ म्हणून. ती पाण्याच्या भांड्यापासून हातभर अंतरावर पडली होती. त्या संध्याकाळी पत्र्यावर पेंढ्याचा वीतभर थर घातला, बाजूंना गोणपाट लावून ते दोन वेळा भिजवू लागलो, पाण्याला मातीचे मडके आणले, दाणा पहाटे आणि सूर्य कलल्यावर घालू लागलो. हे सारे आठ दिवस आधी करता आले असते. वाफ्यांचेही तेच. सकाळी सातला घातलेले पाणी मुळांना मिळते, दहाला घातलेले आकाशाला. हे कळायला एक अख्खा वाफा मेथी वाळावी लागली.

आणि या उष्म्यात अंडीही स्वस्थ राहत नाहीत. कोंबडा असलेल्या कळपातले अंडे उबदार कोनाड्यात दोन-तीन दिवस पडले, तर कोंबडी न बसताही त्यातला जीव वाढू लागतो आणि अर्ध्यावर मरतो. फोडले की बलकावर रक्ताचे तांबडे कडे दिसते. म्हणून चैत्रात मी दिवसातून तीनदा अंडी गोळा करतो आणि रांजणाशेजारच्या ओल्या वाळूवर ठेवतो. ते कडे प्रथम पाहिले त्या दिवशी मात्र मला जेवण गेले नाही.

सध्या एक कोंबडी खुडूक बसली आहे, तिच्या पोटाखाली मी तेरा अंडी ठेवली. सातव्या रात्री अंधार करून एकेक अंडे विजेरीच्या तोंडाशी धरले. दोन नुसतीच उजळली, कंदिलाच्या काचेसारखी. ती वांझ होती. बाकीच्या अकरांत मध्यभागी मोहरीएवढा काळा ठिपका आणि त्याच्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक लाल शिरा. एका अंड्यातला ठिपका हलला. मी ते कसे परत ठेवले हे मला आठवत नाही. कोंबडीने मात्र माझ्या मनगटावर टोच मारून ते चोचीने ओढून पोटाखाली घेतले, एवढे आठवते.

पुसणारी : या ठिकाणी तुमच्याशी माझे भांडण सुरू होते, भाऊ. खुडूक कोंबडी हे माझ्या लहानपणचे सर्वांत स्पष्ट चित्र आहे. आई दोघींना बसू देई. बाकी ज्या खुडूक होत त्यांना अंडी देण्याच्या कामावर परत आणण्यासाठी पाण्यात बुचकळत, नाकपुडीतून पीस ओवत, डालग्याखाली उपाशी ठेवत. मी ते पीस धरायला मदत केली आहे. आई निर्दय नव्हती. अंडे हातचे जाणे तिला परवडत नव्हते. तुमच्याकडे आज नऊ कोंबड्या आहेत, बसायला दिले एकीला. उरलेल्या खुडूक झाल्या तर काय करता? आणि जिला बसवली तिच्याखालची अंडी तरी तिची किती, इतरांची किती? रानातली कोंबडी वर्षाच्या ठरलेल्या दिवसांत मोजकी अंडी घालते, बसते आणि थांबते. आपण तिच्या वंशातून थांबण्याची आठवण काढून टाकली, आणि जिच्यात ती थोडी उरली आहे तिला गावठी म्हणून बाजूला केले. मोठ्या शेडवर तुम्ही टीका करता; शेडमध्ये ही आठवण पुरती पुसलेली असते म्हणून तिथे पीस ओवावे तरी लागत नाही.

पाळणारा : बाकीच्यांना मी दोन दिवस जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात ठेवतो, खालून वारा लागला, पोट गार राहिले की त्या उठतात. पाण्यात बुचकळण्यापेक्षा हे सौम्य आहे. पण मी त्यांना उठवतोच, हे तुमचे म्हणणे खरे आहे, आणि सौम्यपणाने मूळ प्रश्नाचे उत्तर होत नाही हेही खरे.

(दोघांच्या बोलण्यात न आलेली एक गोष्ट लिहिणाऱ्याला इथे नोंदवावीशी वाटते. पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज तांबडा रानकोंबडा; परंतु पुष्कळ कोंबड्यांच्या पायांचा पिवळा रंग त्याच्याकडून आलेला नसून आपल्या सह्याद्रीत राहणाऱ्या राखी रानकोंबड्याकडून आला आहे, असे २००८ साली जनुकांच्या अभ्यासातून दिसून आले. प्रबळगडाच्या उतारावर पहाटे जो आरवतो आणि नेऱ्याच्या परसात जी पिवळ्या पायांनी माती उकरते, ती एकमेकांची सोयरी आहेत. रान आणि परस यांच्यामध्ये जाळी आपण घातली. पाखरांच्या रक्तात ती हद्द कधी पुरती बसलेली नाही. पुढच्या वादाला ही गोष्ट लागू पडते.)

पुसणारी : आता जे बोलते ते तुमच्या भावना दुखावण्यासाठी नव्हे. जानेवारी २०२५ मध्ये शेजारच्या उरण तालुक्यात, १९३० च्या जंगल सत्याग्रहामुळे ज्या गावाचे नाव आपल्याला शाळेपासून पाठ आहे त्या चिरनेरला, बर्ड फ्लू निघाला. सरकारी पथके आली, आणि घराघरांतल्या कोंबड्या मारून पुरण्यात आल्या. अशा वेळी नकाशावर कंपास ठेवून एक किलोमीटरचे वर्तुळ काढतात. त्याच्या आतले पाखरू रोगी असो वा निरोगी, जिवंत राहत नाही. दहा किलोमीटरचे दुसरे वर्तुळ निगराणीचे. भरपाई मिळते, २०२१ च्या साथीत आठ आठवड्यांवरच्या अंडी देणाऱ्या कोंबडीला सरकारी दर ९० रुपये होता, आणि गावठी कोंबडी बाजारात किती रुपयांना जाते हे तुम्ही जाणता. पण पैशाचे सोडा. कुक्कुटशाळेला निदान एक दार असते, दारात औषधी पाण्याचे कुंड असते, आत जाणाऱ्याची नोंद असते. तुमच्या परसाला छत म्हणजे आकाश. ज्या मडक्यातून तुमची कोंबडी पाणी पिते त्याच मडक्यातून कावळा पितो, साळुंकी पिते, गाढीच्या डबक्यावरून उठलेला बगळा तुमच्या केळीखाली उतरतो; उरणच्या पाणथळीत हिवाळ्यात हजारो कोसांवरून पाखरे येतात. उद्या तुमच्या दहा पाखरांत रोग निघाला तर वर्तुळाचे टोक तुमच्या घरावर टेकवले जाईल, आणि वाजापूरच्या वाटेवर जी ठाकूर म्हातारी आपल्या सहा कोंबड्या विकून वर्षाचे मीठमिरची भागवते तिच्या कोंबड्या त्या वर्तुळात पडतील. तुमचे नुकसान वहीतल्या एका पानाचे. तिचे नुकसान माझ्या आईच्या गाठीचे. ज्याला गरज नाही त्याने हा धोका दुसऱ्याच्या दारात का नेऊन ठेवावा?

पाळणारा : याचे एक उत्तर तयार आहे आणि ते मी देणार नाही असे आधी ठरवले होते, पण ते पुरतेपणी सोडणेही अप्रामाणिक होईल. भारतात हा रोग पहिल्यांदा निघाला तो फेब्रुवारी २००६ मध्ये, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला, आणि तो निघाला हजारो पाखरांच्या शेडांत, जिथे दार होते. एका छपराखाली एका वयाची, एका वाणाची इतकी पाखरे कोंडली की विषाणूला पाय न उचलता गावभर फिरता येते. माझ्या परसात तो आला तर दहा पाखरांवर थांबतो. परंतु तुम्ही चिरनेरचे नाव घेतलेत, आणि चिरनेरच्या कोंबड्या परसातल्याच होत्या. तेव्हा ही ढाल मी खाली ठेवतो.

जे करतो ते सांगतो. पाण्याचे मडके आता छपराखाली आहे. खुराड्यात जाण्याच्या चपला वेगळ्या आहेत. बाहेरून आणलेले पाखरू एकवीस दिवस वेगळे राहते. आणि कोंबड्यांच्या मानमोडी रोगाची लस चुकवत नाही. त्या लशीने मला जे शिकवले ते तुमच्या म्हणण्याच्या पुष्कळ जवळ येते. मानमोडीची लस विकत घ्यायला गेलो तर कुपी मिळते ती शंभर किंवा त्याहून अधिक पाखरांची. बर्फात घालून आणायची, औषधी पाण्यात मिसळली की काही तासांत संपवायची, प्रत्येक पिलाच्या डोळ्यात एक थेंब. पहिल्या वर्षी मी दहा थेंब वापरले आणि उरलेले पुरून टाकले. दुसऱ्या वर्षी ते मनाला पटेना. बर्फाचा डबा हातात घेऊन पाच घरी गेलो. पाचांपैकी तिघांनी मला दारातूनच परत पाठवले, कारण डोळ्यात औषध घालणारा हा परका माणूस कोण हे त्यांना कळेना. यंदा अकरा घरे झाली. तुम्ही म्हणता त्या म्हातारीचे घर त्यांत आहे. पाखरू कसे धरावे हे तिनेच मला दाखवले, कारण मी धरत होतो तसे धरल्याने पंखाचा सांधा निखळतो. तेव्हा ताई, परसाची हद्द कुंपणापाशी संपत नाही हे मला मान्य आहे. सरकारी कंपासाचे वर्तुळ एक आहे आणि लशीच्या कुपीचे वर्तुळ एक आहे. दोन्ही माझ्या घरातून निघून शेजाऱ्यांच्या अंगणातून जातात. पहिले निघण्याच्या भयाने मी कोंबड्या पाळणे सोडले, तर दुसरे काढायला मी त्या अकरा घरी गेलोही नसतो. यात माझे समर्थन आहे असे समजू नका. बर्ड फ्लूवर आपल्या हाती अशी कुपी नाही, हे मला ठाऊक आहे.

पुसणारी : तुम्ही अकरा घरी गेलात हे मला माहीत नव्हते, आणि ते वहीत नाही याचे मला नवल वाटते. पण म्हणून माझा प्रश्न कमी होत नाही, उलट आता तो तुम्हालाच अधिक लागू होतो. ज्यांच्या पाखरांना तुम्ही थेंब घातलात ती माणसे आता तुमच्या भरवशावर आहेत. पथक आले आणि हुकूम झाला, तर तुम्ही तुमच्या कोंबड्या द्याल?

पाळणारा : देईन.

पुसणारी : खुडूक बसलेलीसुद्धा? विसाव्या दिवशी, आतून टकटक ऐकू येत असताना?

पाळणारा : देईन असे आज म्हणतो. कायदा माहीत आहे, कारणही पटते. परंतु एक डालगे माळ्यावर ठेवता येते, ही गोष्टही मला माहीत आहे. तुमच्या आईने काय केले असते?

पुसणारी : आईने लपवली असती. आणि मी तिला बोलले असते, आणि ती म्हणाली असती, की ज्याने पोट भरून दिले नाही त्याने कोंबडी मागू नये. तिला तो अधिकार होता असे मला आजही वाटते. तुम्हाला तो नाही, असेही वाटते. एकच कृत्य तिने केले तर मी क्षमा करीन आणि तुम्ही केले तर करणार नाही. याचे कारण मला नीट सांगता येत नाही, पण ते आहे.

पाळणारा : मलाही ते आहेसे वाटते.

पुसणारी : मग अजून एक राहिले. अकरा अंड्यांतून निम्मे नर निघतील. शेडवाले पहिल्याच दिवशी नर निवडून मारतात. आईकडे ते शिमग्याला, पाहुण्याला, नाही तर गावदेवीला जात आणि त्याबद्दल कोणी दोनदा विचार करीत नसे. तुमच्या कळपात एक कोंबडा आहे, दुसरा ठेवलात तर रक्त निघेपर्यंत झुंजतील. त्या पाच-सहांचे काय करायचे हे तुम्ही कधी ठरवणार?

पाळणारा : पिले निघतील चैत्र पौर्णिमेच्या सुमारास. तुरा तांबडा होऊन नर ओळखू यायला सहा-आठ आठवडे लागतात.

पुसणारी : म्हणजे ज्येष्ठात.

पाळणारा : हो, गाढीला पाणी येण्याच्या सुमारास.

पुसणारी : तेव्हा मी येईन. वही काढून ठेवा.